टू-फोर-डीमधले दोन आणि चार

फुलंब्री तालुक्यात खरिपात मका आणि कपाशी शेजारी-शेजारी असतात. संभाजीनगराहून सिल्लोडकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हेच दिसते, बांधाच्या अलीकडे मका, पलीकडे कपाशी. मक्यात रुंद पानांचे तण माजले आणि खुरपणीला माणूस मिळेना, की शेतकरी कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘टू-फोर-डी’ मागतो. जाणता दुकानदार त्यावर विचारतो, ‘‘अमाईन देऊ का ईस्टर? बाजूला कपाशी आहे का?’’ हा प्रश्न सेंद्रिय रसायनशास्त्रातला आहे. त्याचे उत्तर चुकले तर काही दिवसांत बांधापलीकडच्या कपाशीची नवी पाने अरुंद, लांबट, बोटांसारखी होऊन बसतात.

टू-फोर-डीतले दोन आणि चार हा कंपनीने दिलेला मॉडेल नंबर नाही. सहा कार्बनांच्या कड्यावर क्लोरीनचे दोन अणू कुठे बसले आहेत ते सांगणारे हे आकडे आहेत. ज्या शेतकऱ्याने रसायनशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नाही, तोही रोजच्या बोलण्यात रेणूमधल्या जागा अचूक सांगत असतो. उलट बारावीची आणि बी.एस्सी.ची मुले अशीच नावे परीक्षेसाठी घोकतात आणि पेपरात चित्र काढायची वेळ आली की अडतात. त्यात मुलांचा दोष नाही. दहावीला ‘कार्बनी संयुगे’ हा धडा मराठीत शिकलेल्या मुलाला अकरावीपासून विज्ञान इंग्रजीतून घ्यावे लागते आणि त्याच सुमारास एका ओळीत न मावणारी नावे समोर येतात. नाव लांब दिसले की ते पाठच करायचे असते, अशी समजूत होऊन बसते.

ही समजूत खोडून काढायला हवी. कड्यावर काही ना काही बसवलेल्या ईस्टरचे नाव म्हणजे त्याचे चित्र कसे काढायचे याची सूचना असते. ती वाचता आली की पाठांतर उरत नाही. आणि चित्र काढता आले की तो पदार्थ वास देईल का, उडून जाईल का, पाण्यात विरघळेल का, याचाही बराच अंदाज वहीच्या पानावरच बांधता येतो.

आधी ईस्टर कसा तयार होतो ते पाहू. कार्बोक्झिलिक आम्ल आणि अल्कोहोल एकत्र करून, त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे थोडे थेंब टाकून तापवले, की दोघांतून मिळून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडले जातात. एमिल फिशर आणि आर्थर स्पायर यांनी १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत वापरतात. जोडावर काय असते ते मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. तिथे एक कार्बन असतो. त्याला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने धरलेला असतो, दुसरा एकेरी बंधाने. हा कार्बन आम्लाकडून आलेला. एकेरी बंधाच्या ऑक्सिजनपलीकडे जे काही आहे ते अल्कोहोलकडून आलेले. नाव देताना अल्कोहोलचा तुकडा आधी आणि सुटा लिहायचा, आम्लाचा तुकडा त्याच्या मागून, आणि आम्लाच्या नावाचा शेवट ‘-ओएट’ असा करायचा. बेंझोइक आम्ल आणि मिथेनॉल यांच्यापासून झालेला ईस्टर म्हणून मिथाइल बेंझोएट.

नाव असे पुढून लिहिले जात असले तरी चित्र काढताना ते शेवटून वाचायचे. पोस्टात पत्रे छाटणारा माणूस पत्ता खालून वर वाचतो. आधी जिल्हा, मग तालुका फुलंब्री, मग गाव, आणि ज्याला पत्र द्यायचे त्याचे नाव सगळ्यांत शेवटी. इथेही शेवटचा शब्द आधी. ‘बेंझोएट’ दिसले की षटकोन काढा आणि आत एकाआड एक तीन दुहेरी बंध द्या. एका कोपऱ्याला तो दोन ऑक्सिजनवाला कार्बन जोडा. मग मागे येऊन एकेरी बंधाच्या ऑक्सिजनला नावातला पहिला शब्द, म्हणजे मिथाइल, लावा. चित्र पुरे झाले.

सर्वांत जास्त गुण इथेच जातात, कारण घाईत तो मधला कार्बन गळतो किंवा जोड उलटा बसतो. कड्याला कार्बनऐवजी थेट ऑक्सिजन जोडला आणि दुहेरी बंधाचा कार्बन पलीकडे गेला, तर तो मिथाइल बेंझोएट राहत नाही, फिनाइल ॲसिटेट होतो. दोघांत अणू सारखेच आहेत, आठ कार्बन, आठ हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. वजनही सारखे. पण कॉस्टिक सोड्याबरोबर उकळून नंतर आम्ल घातले तर पहिल्यातून बेंझोइक आम्ल आणि मिथेनॉल मिळते, दुसऱ्यातून फिनॉल आणि व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल. कडे जोडाच्या कुठल्या बाजूला आहे, हा पहिला प्रश्न. तो न विचारता आकड्यांकडे वळण्यात अर्थ नाही.

याच ठिकाणी बेंझाइल हा आणखी एक शब्द गोंधळ घालतो. फिनाइल म्हणजे नुसते कडे, बेंझाइल म्हणजे कडे आणि त्याला लागून एक जादा कार्बन. खरजेवर अंगाला लावायचे बेंझाइल बेंझोएटचे पांढरे औषध वर्षानुवर्षे वापरात आहे. त्यात जोडाच्या दोन्ही बाजूंना कडे आहे, पण अल्कोहोलच्या बाजूला मध्ये तो जादा कार्बन. मोगरा-जाईच्या वासातला एक मोठा वाटेकरी बेंझाइल ॲसिटेट. त्यात कडे फक्त अल्कोहोलकडे आहे.

आता कड्यावर बसणाऱ्या बाकीच्या गटांकडे येऊ. बेंझोएटमध्ये जो कोपरा ईस्टरच्या कार्बनला धरून आहे तो क्रमांक एक. तो नावात लिहीत नाहीत, गृहीत असतो. तिथून पुढे दोन, तीन, चार असे मोजत जायचे. घड्याळाच्या दिशेने मोजायचे की उलट, हे लहान आकडे कुठून मिळतात त्यावर ठरते. ईस्टरचा कार्बन स्वतः या मोजणीत येत नाही. तो ‘बेंझोएट’ या शब्दातच सामावलेला आहे.

एक नाव वहीवर काढून पाहा, इथाइल ४-अमिनोबेंझोएट. शेवटी बेंझोएट, म्हणून षटकोन आणि त्यावर ईस्टरचा जोड. ४-अमिनो, म्हणून जोडाच्या अगदी समोरच्या कोपऱ्यावर नायट्रोजन आणि त्याचे दोन हायड्रोजन. पहिला शब्द इथाइल, म्हणून ऑक्सिजनपलीकडे दोन कार्बनांची साखळी. हे झाले बेंझोकेन. घसा दुखताना चघळायच्या काही गोळ्यांत आणि तोंड आलेल्या जागी लावायच्या काही जेलमध्ये जागा बधिर करायला ते घालतात. ज्याला हे नाव आधी ठाऊक नव्हते त्यानेही चित्र बरोबर काढलेले असेल.

दोन गट कड्यावर तीनच प्रकारे बसू शकतात. लगत, एक जागा सोडून, किंवा समोरासमोर. जुन्या भाषेत ऑर्थो, मेटा, पॅरा. आज आययूपॅक या नामकरणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत आकडे वापरतात. पण रेणू डोळ्यांनी दिसत नाही आणि क्ष-किरणांनी तो उलगडण्याची सोय अजून व्हायची होती, तेव्हा कुठल्या बाटलीत ऑर्थो आहे आणि कुठल्यात पॅरा, हे ठरवले कसे? विल्हेल्म कोर्नर यांनी १८७४ मध्ये दिलेले उत्तर इतके सुंदर आहे की ते प्रत्येक वर्गात शिकवायला हवे. दोन ब्रोमीन असलेले बेंझीन घ्या, त्यावर तिसरा ब्रोमीन बसवा आणि किती वेगवेगळे पदार्थ मिळतात ते मोजा. समोरासमोरच्या जोडीत उरलेल्या चारही जागा एकसारख्या, म्हणून एकच पदार्थ मिळतो. लगतच्या जोडीतून दोन मिळतात. एक जागा सोडून बसलेल्या जोडीतून तीन. म्हणजे नुसते मोजून जागा कळल्या! षटकोनावर ठिपके देऊन हे कोणीही पडताळू शकतो, आणि एकदा पडताळले की दोन, तीन, चार या आकड्यांबद्दलचा परकेपणा जातो.

जागा बदलली तर काय होते, याचे उत्तम उदाहरण मेडिकलच्या काउंटरवर मिळते. कपाशी वेचून किंवा पोती उचलून पाठ-कंबर धरली की जो बाम किंवा जेल आणतात, त्याच्या पाकिटावर बहुधा ‘मिथाइल सॅलिसिलेट’ लिहिलेले असते. डायक्लोफेनॅकच्या अनेक जेलमध्ये ते १० टक्के असते. आयुर्वेदिक पाकिटांवर त्यालाच गंधपुरा तेल म्हणतात, कारण गंधपुऱ्याच्या पानांतून निघणाऱ्या तेलात जवळपास सगळे हेच असते. त्याच काउंटरवर खोकल्याच्या औषधाची बाटली उलटी करून बारीक अक्षरे वाचली तर अनेकदा ‘मिथाइलपॅराबेन’ सापडते. औषध बुरशी आणि जंतूंनी खराब होऊ नये म्हणून ते घातलेले असते. पहिल्याचे पद्धतशीर नाव मिथाइल २-हायड्रॉक्सिबेंझोएट, दुसऱ्याचे मिथाइल ४-हायड्रॉक्सिबेंझोएट. नावांत फरक एका आकड्याचा. दोघांत आठ कार्बन, आठ हायड्रोजन आणि तीन ऑक्सिजन.

पण गुण पाहा. पहिला तेलकट द्रव आहे, उणे ८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतो, आणि ट्यूबचे झाकण काढताच खोलीभर दरवळतो. दुसरा पांढरी भुकटी, १२५ अंशांच्या पुढे वितळणारी, जवळपास बिनवासाची. कारण चित्रात आहे. पहिल्यात हायड्रॉक्सिल गट ईस्टरच्या लगत बसला आहे, इतका जवळ की त्याचा हायड्रोजन त्याच रेणूतल्या दुहेरी बंधाच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हात घरातच गुंतलेला असल्याने शेजारच्या रेणूला धरायला काही उरत नाही. रेणू एकमेकांपासून मोकळे राहतात, सहज उडतात आणि नाकापर्यंत पोचतात. दुसऱ्यात हायड्रॉक्सिल समोरच्या कोपऱ्यावर, दूर. तो आपल्या ईस्टरपर्यंत पोचत नाही, म्हणून शेजाऱ्याला धरतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, आणि सगळे मिळून घट्ट स्फटिक होतात. एकही अणू कमी-जास्त न करता, फक्त एक गट दोन कोपरे सरकवला, तर बामाचे परिरक्षक झाले.

आणि नुसते रेणूसूत्र सांगितले असते तर? आठ-आठ-तीन या सूत्राची आणखी कितीतरी संयुगे आहेत. आइस्क्रीममधले व्हॅनिलिन त्यांपैकीच. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या औषध कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलचे काम करणाऱ्या माणसाला सूत्र पुरत नाही, ते याचसाठी. ड्रमवरच्या नावातला आकडा त्याला वाचावाच लागतो.

मिथाइल सॅलिसिलेट करून पाहणे सोपे आहे, आणि मला वाटते ईस्टरची ओळख याच प्रयोगाने व्हावी. परीक्षानळीत चिमूटभर सॅलिसिलिक आम्ल, त्यावर दोन-तीन मिलिलिटर मिथेनॉल, सल्फ्युरिक आम्लाचे तीन-चार थेंब. मिथेनॉल पेट घेते आणि विषारी आहे, म्हणून ज्योतीवर न धरता नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करायची, आणि हे सगळे शिक्षकांच्या देखत. काही मिनिटांनी नळीतले द्रावण खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ओतायचे. फसफस होते, उरलेले आम्ल मारले जाते आणि पाठोपाठ तो ओळखीचा वास येतो. वर्गात कोणीतरी लगेच एखाद्या बामाचे नाव घेतेच. तेवढ्या वेळात सॅलिसिलिक आम्लाचा आम्लगट आणि मिथेनॉल यांच्यातून पाणी निघून तिथे मिथाइल बसलेले असते.

या तेलाबद्दल एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. निर्भेळ मिथाइल सॅलिसिलेटचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनच्या बरोबरीचा असतो. म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या. वास गोडसर असल्याने लहान मूल बाटली तोंडाला लावते आणि हा घोट जिवावर बेततो. अशी बाटली उंचावर, कुलपातच हवी.

सॅलिसिलिक आम्लाला ईस्टर होण्यासाठी दोन टोके आहेत. आम्लगटाच्या टोकाने मिथेनॉल घेतले तर मिथाइल सॅलिसिलेट होते. हायड्रॉक्सिलच्या टोकाने ॲसिटिल गट घेतला तर ॲस्पिरिन. बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन यांनी ते १८९७ मध्ये शुद्ध रूपात बनवले आणि १८९९ पासून ते त्या नावाने विकले जाऊ लागले. आज बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकातले ते नेहमीचे संयुग आहे, आणि हृदयविकारानंतर डॉक्टर रोज घ्यायला लावतात ती ७५ मिलिग्रॅमची गोळीही तीच. त्याचे पद्धतशीर नाव २-ॲसिटिलॉक्सिबेंझोइक आम्ल. ॲस्पिरिनमध्ये ईस्टर उघड दिसत असताना नाव आम्लाचे का? कारण नामकरणात गटांची ज्येष्ठता ठरलेली आहे आणि कार्बोक्झिलिक आम्ल ईस्टरच्या वर आहे. नावाचा शेवट ज्येष्ठ गटाकडे जातो, ईस्टरला कड्यावरचा एक पाहुणा म्हणून ‘ॲसिटिलॉक्सी’ हे रूप घेऊन पुढे जावे लागते. तोच आम्लगट मिथेनॉलने झाकला की आम्ल उरत नाही आणि नाव मिथाइल २-ॲसिटिलॉक्सिबेंझोएट असे होते.

या चित्राची साक्ष फेरिक क्लोराइड देते. सॅलिसिलिक आम्लावर त्याचा थेंब टाकला की गडद जांभळा रंग येतो, कारण कड्यावरचा हायड्रॉक्सिल उघडा आहे. शुद्ध ॲस्पिरिनवर तो येत नाही, कारण हायड्रॉक्सिल ॲसिटिलखाली झाकला गेला आहे. प्रात्यक्षिकात मुलांचे ॲस्पिरिन जांभळे झाले तर प्रक्रिया अर्धवट राहिली असे समजायचे. ओल लागलेल्या जुन्या ॲस्पिरिनच्या बाटलीतून व्हिनेगरसारखा वास येतो, तो याच जोडाचा. पाण्याने ईस्टर तोडला आणि ॲसिटिक आम्ल सुटले.

कड्यावर एकाहून अधिक पाहुणे असले की दोन नियम लागतात. दोन दिशांच्या आकड्यांत पहिला फरक पडेल तिथे लहान आकडा यावा, आणि गटांची नावे रोमन वर्णानुक्रमे लिहावीत. मराठीत लिहितानाही क्रम तोच ठेवायचा, म्हणजे ब्रोमो आधी, क्लोरो नंतर, मग मिथॉक्सी, मग नायट्रो. ईस्टरच्या लगत मिथॉक्सी आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यावर ब्रोमीन असेल तर एका दिशेने २ आणि ५ येतात, उलट दिशेने ३ आणि ६. पहिले घ्यायचे, आणि नाव मिथाइल ५-ब्रोमो-२-मिथॉक्सिबेंझोएट. दोन्ही दिशांनी सारखेच आकडे आले तर वर्णानुक्रमात आधीच्या गटाला लहान आकडा, म्हणून ३-ब्रोमो-५-क्लोरो. डाय, ट्राय ही संख्येची उपपदे वर्णानुक्रमात धरायची नाहीत. प्रोपिल ३,४,५-ट्रायहायड्रॉक्सिबेंझोएट हे नाव आता भीती घालणार नाही. हे प्रोपिल गॅलेट, तेल-तुपाला खवटपणा येऊ नये म्हणून वापरतात. त्यातले गॅलिक आम्ल हिरड्यात आणि आवळ्यात असते.

कड्यावर दोन ईस्टर असतील तर नाव ‘डायकार्बोक्झिलेट’ने संपते, आणि इथे पुन्हा जागेचीच किमया दिसते. दोन ईस्टर लगत, म्हणजे १ आणि २ वर असले की ते थॅलेट. पीव्हीसीच्या नळ्या आणि वायरींचे वेष्टन लवचिक ठेवायला असे तेलकट थॅलेट घालतात. तेच दोन गट समोरासमोर, १ आणि ४ वर असले की रेणू दोन्ही टोकांनी सरळ रेषेत जोडत नेता येतो. डायमिथाइल टेरेथॅलेटला इथिलिन ग्लायकॉलबरोबर तापवून मिथेनॉल काढून टाकले की पॉलिएस्टरची लांब साखळी तयार होते. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला बॉम्बे डाइंगने डायमिथाइल टेरेथॅलेटचाच कारखाना उभारला होता. आज बहुतेक ठिकाणी थेट टेरेथॅलिक आम्ल वापरतात. पाण्याची बाटली आणि कपाशीच्या सुताबरोबर विणला जाणारा पॉलिएस्टरचा धागा, दोन्ही त्या १,४ वर उभे आहेत.

आता टू-फोर-डी. बाटलीवर ‘२,४-डी इथाइल ईस्टर ३८ टक्के ईसी’ असे असते. पद्धतशीर नाव इथाइल २-(२,४-डायक्लोरोफिनॉक्सी)ॲसिटेट. शेवटून वाचू. ॲसिटेट, म्हणजे आम्लाचा तुकडा बेंझोइकचा नाही, ॲसिटिक आम्लाचा, दोन कार्बनांचा. इथे मोजणी ईस्टरच्या कार्बनपासूनच सुरू होते, तो एक, पुढचा दोन. कंसाबाहेरचा २ सांगतो की त्या दुसऱ्या कार्बनवर पाहुणा बसला आहे. पाहुणा कोण ते कंसात. फिनॉक्सी म्हणजे ऑक्सिजनमार्गे जोडलेले कडे. कंसाच्या आत मोजणी नव्याने सुरू होते, ऑक्सिजनला धरलेला कोपरा एक, आणि क्लोरीन दोन व चार वर. एकाच नावात २ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा, हे कंसामुळे कळते. कंस गाळला की चित्र चुकलेच.

हेच आम्ल बाजारात तीन रूपांत मिळते. सोडियम क्षार ८० टक्के भुकटी, अमाईन क्षार ५८ टक्के द्रव आणि इथाइल ईस्टर. क्षार पाण्यात विरघळतात, आणि विद्युतभारित असल्याने त्यांची वाफ होत नाही म्हटले तरी चालेल. ईस्टर तेलात विरघळणारा, म्हणून तो पंपातल्या पाण्यात टाकला की दुधी मिश्रण होते. पानावरचा मेणचट थर तो सहज पार करतो आणि आत गेल्यावर वनस्पतीच तो जोड तोडून मूळ आम्ल मोकळे करते. मारक काम ते आम्ल करते, वनस्पतीच्या स्वतःच्या ऑक्झिन संप्रेरकाची नक्कल करून. मका हे सोसतो. रुंद पानांच्या तणाची वाढ वेडीवाकडी होऊन ते मरते. कपाशीही रुंद पानांचीच, आणि या रसायनाला ती फार हळवी आहे. इथाइलसारखी आखूड साखळी असलेला ईस्टर उन्हात पानावरून आणि मातीवरून वाफ होऊन निघतो. फवारणीवेळी वारा नव्हता तरी नंतर ती वाफ बांध ओलांडते. अमाईनची वाफ होत नसल्याने ही भीती कमी, पण वाऱ्याने थेंब उडण्याची भीती दोन्हींना आहे. टू-फोर-डी मारलेला पंप नुसता पाण्याने विसळून कपाशीवर चालवला, तर पंपात राहिलेला अंशही पुरेसा होतो. त्यासाठी पंप वेगळाच ठेवलेला बरा.

नावातला पहिला शब्द इथे किती महत्त्वाचा ठरतो ते पाहा. इथाइलच्या जागी आठ कार्बनांचा २-इथाइलहेक्झिल लावला की आम्ल तेच राहते, रेणू जड होतो आणि वाफ होण्याचे प्रमाण बरेच घटते. काही देशांत असे कमी उडणारे ईस्टर वापरतात. उलट व्हिएतनाम युद्धातल्या एजंट ऑरेंजमध्ये ब्युटाइल ईस्टर होते, निम्मे २,४-डीचे आणि निम्मे २,४,५-टीचे. त्या दुसऱ्या नावात ५ वर एक जादा क्लोरीन आहे, आणि तो रेणू बनवताना डायऑक्सिन हे अतिविषारी द्रव्य सोबत तयार झाले होते. तिथल्या पिढ्यांनी त्याचे परिणाम भोगले.

तणनाशकांच्या नावांत असे मिथाइल, इथाइल शेपटीला लटकलेले दिसले की ते ईस्टर समजावेत. इथे क्रम उलटा केलेला असतो. गव्हात वापरायचे मेट्सल्फ्युरॉन मिथाइल आणि सोयाबीनमधले क्लोरिम्युरॉन इथाइल हे दोन्ही खरेखुरे बेंझोएट आहेत. षटकोन, क्रमांक एकवर ईस्टरचा जोड, आणि लगत, क्रमांक दोनवर, गंधक व नायट्रोजन असलेली एक लांब साखळी. पहिल्याची मात्रा हेक्टरी अवघे ४ ग्रॅम सक्रिय घटक इतकी बारीक आहे. टू-फोर-डीमध्ये ईस्टर तुटला की औषध जागे होते. यांत उलटे आहे, ईस्टर शाबूत असेपर्यंतच औषध चालते. सोयाबीनचे झाड क्लोरिम्युरॉनमधला क्लोरीन काढून टाकते आणि इथाइलचा जोडही तोडते, म्हणून ते तरते. तणाला हे तितक्या लवकर जमत नाही, आणि तेवढ्यात त्याची वाढ थांबते.